किल्ली हातात पडण्याआधीच

पुण्यात कुठल्याही ठेकेदाराला विचारा, हजार चौरस फूट बांधायला सिमेंट किती लागेल. तो कॅल्क्युलेटर काढत नाही. "चारशे पोती धरा," म्हणतो. आणि लोखंड? "चार टन. थोडं इकडंतिकडं." साइटवरचा हा जुना ठोकताळा आहे: चौरस फुटाला ०.४ पोतं आणि चार किलो सळई. इमारत किती मजली, जमीन कशी, भूकंपाचं क्षेत्र कोणतं, यावर आकडा हलतो. पण अंदाजाला पुरेसा आहे.

याच ठोकताळ्यावर आता दुसरा हिशेब मांडू. चारशे पोती म्हणजे २० टन सिमेंट. राख मिसळलेलं, सर्रास मिळणारं पीपीसी धरलं तर त्याच्या एका टनामागे साधारण ६०० ते ६५० किलो कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो. झाले बारा-तेरा टन. पोलाद आपल्याकडं बहुतेक कोळशावरच बनतं, टनामागे दोन-अडीच टन. म्हणजे चार टनांचे आठ ते दहा. दोन्ही मिळून वीस-बावीस टन. यात विटा, फरश्या, काचा, ॲल्युमिनियम, रंग, लिफ्ट काहीच धरलेलं नाही.

त्या फ्लॅटमध्ये राहायला आलेलं कुटुंब महिन्याला १५० युनिट वीज वापरतं असं समजू. आपल्या ग्रिडवरच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड पडतो. वर्षाचे १,८०० युनिट, म्हणजे सव्वा टन. ताळा करा: वास्तुशांतीच्या दिवशी, घरातला पहिला दिवा लागण्याआधीच, पुढच्या सोळा-सतरा वर्षांच्या वीजवापराइतका कार्बन खर्च होऊन बसलेला असतो.

माझ्या धंद्यातल्या लोकांना, म्हणजे आर्किटेक्टांना, हे तसं उशिराच उमगलं. मीही त्यातलाच. 'ग्रीन बिल्डिंग' म्हणजे एलईडी दिवे, पाच तारे असलेला एसी, गच्चीवर सोलर आणि दाराशी चार कुंड्या, अशीच बरीच वर्षं समजूत होती. यातल्या पहिल्या तीन गोष्टींचा उपयोग नक्की होतो. पण तो राहायला गेल्यानंतरचा खर्च झाला. बांधतानाचा खर्च आधीच होऊन गेलेला असतो आणि तो परत मिळत नाही. जगभरात ऊर्जा आणि उद्योगांमधून जेवढा कार्बन डायऑक्साइड निघतो, त्यातला एक तृतीयांशाहून थोडा जास्त वाटा इमारती आणि त्यांच्या बांधकामाचा आहे. एकट्या सिमेंटचा सात-आठ टक्के.

आर्किटेक्टच्या हातात यातलं किती असतं? पहिल्या महिन्यात पुष्कळ, शेवटच्या महिन्यात जवळपास काहीच नाही.

दगडाच्या पोटातला वायू

सिमेंटचा धूर म्हणजे भट्टीत जाळलेल्या कोळशाचा धूर, असं वाटणं साहजिक आहे. तो निम्म्याहून कमी. उरलेला, साधारण ६० टक्के, खुद्द दगडातून येतो. सिमेंटचा कच्चा माल चुनखडी. शुद्ध चुनखडी १०० किलो भाजली तर ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड निघून जातो. कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या शंखशिंपल्यांनी दगडात कोंडलेला वायू आपण १,४५० अंशांच्या भट्टीत मोकळा करतो. भट्टी उद्या सगळी सौरऊर्जेवर चालवली तरी हा वायू निघणारच, कारण ते त्या दगडाचं रसायन आहे.

भट्टीतून जे काळपट गोटे बाहेर पडतात त्यांना क्लिंकर म्हणतात. ते दळून त्यात थोडा जिप्सम घातला की ओपीसी सिमेंट तयार. कार्बनचा जवळजवळ सगळा भार या क्लिंकरचा, म्हणून सिमेंट सुधारायचं म्हणजे क्लिंकर कमी करायचा. पीपीसीत क्लिंकरच्या जागी ३५ टक्क्यांपर्यंत राख घालता येते. आपल्याकडं ती चंद्रपूर, कोराडीसारख्या औष्णिक केंद्रांतून येते. लोखंडाच्या झोतभट्टीतल्या मळीपासून बनणाऱ्या स्लॅग सिमेंटमध्ये तर ७० टक्क्यांपर्यंत मळी चालते. पण कोळशाची वीजकेंद्रं कमी होत गेली की राखही आटणार. म्हणून स्वित्झर्लंडच्या लोझानमधली तंत्रसंस्था, आयआयटी दिल्ली, आयआयटी मद्रास आणि क्युबातले संशोधक यांनी मिळून एलसी-थ्री नावाचं सिमेंट घडवलं. त्यात क्लिंकर फक्त निम्मा. ३० टक्के भाजलेली केओलिनयुक्त माती, १५ टक्के न भाजलेली, नुसती दळलेली चुनखडी आणि ५ टक्के जिप्सम. माती ७००-८५० अंशांवर भाजून होते आणि तिच्या पोटात कार्बन नसतो, त्यामुळं उत्सर्जन ४० टक्क्यांपर्यंत उतरतं. २०२३ साली त्याचं भारतीय मानकही आलं.

मग सगळे हेच का वापरत नाहीत? याचं उत्तर शटरिंगच्या फळ्यांमध्ये आहे. राखेचं सिमेंट हळूहळू ताकद धरतं. ओपीसीवर सात दिवस पाणी मारून भागतं, मिश्र सिमेंटला किमान दहा दिवस मारावं लागतं. ठेकेदाराला पुढचा स्लॅब टाकायचा असतो, फळ्या-टेकू भाड्याचे असतात, बिल्डरचं व्याज चालू असतं. मग बांधकाम सुरू होता होता कुणीतरी हळूच "ओपीसी त्रेपन्न ग्रेड मागवलंय" म्हणून सांगतं आणि कागदावरचा सगळा बेत त्या एका वाक्यात पाण्यात जातो.

इथं आर्किटेक्टला आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला आधीच बसून एक साधी गोष्ट ठरवता येते. काँक्रीटची ताकद २८ व्या दिवशी मोजायची, हा रिवाज. पण पायावर पूर्ण भार यायला वर्ष-दीड वर्ष जातं. मग पायाच्या काँक्रीटची ताकद ५६ व्या दिवशी मोजली तर बिघडतं काय? तेवढी सवड दिली की त्यात राख किंवा मळी बरीच जास्त घालता येते. स्लॅबला घाई असेल तर स्लॅबपुरतं वेगळं मिश्रण ठरवा. एका इमारतीत सगळीकडं एकच काँक्रीट ओतायचं हा आपला आळस आहे.

जे ओतलंच नाही ते काँक्रीट

सिमेंट कितीही चांगलं आणलं तरी सगळ्यात स्वच्छ काँक्रीट म्हणजे जे ओतावंच लागलं नाही ते. आणि ते नकाशावर ठरतं.

एक उदाहरण सांगतो, कारण फ्लॅट घेणाऱ्याला ते कधीच दिसत नाही. आर्किटेक्ट आधी वरच्या मजल्यांचे फ्लॅट आखतो. हॉल, किचन, बेडरूम छान बसतात, कॉलम भिंतींमध्ये लपतात. मग खाली पार्किंग आखायला घेतलं की लक्षात येतं, यातले चार-पाच कॉलम गाड्यांच्या वाटेत उभे आहेत. मग काय, ते पहिल्या मजल्यावरच थांबवायचे आणि त्यांच्यावरचा वीस मजल्यांचा भार एका अवाढव्य तुळईवरून बाजूच्या कॉलमांवर न्यायचा. याला ट्रान्सफर गर्डर म्हणतात. पाच-सहा फूट खोल, आत सळया इतक्या दाट की काँक्रीट आत उतरायला मारामार. पार्किंगमध्ये कधी मान वर करून बघा, एखादी तुळई इतरांच्या तिप्पट जाड दिसली तर समजा, वरचा आणि खालचा नकाशा एकमेकांशी बोलले नव्हते. दोन्ही नकाशे एकावर एक ठेवून आठवडाभर डोकं लावलं असतं तर ते कित्येक टन वाचले असते.

गाळ्याचंही तसंच. दोन कॉलमांमधलं अंतर १५ फुटांवरून २० केलं तर तेवढ्याच भाराखाली तुळईवरचा वाकवण्याचा जोर सुमारे पावणेदोन पट होतो, कारण तो अंतराच्या वर्गानं वाढतो. हॉल मोठा हवा हे कबूल, पण घरातल्या प्रत्येक खोलीला तो न्याय लावायची गरज नसते.

आणि पार्किंग! पुण्यात तळघर खणायचं म्हणजे काळा पाषाण फोडायचा. महिनोन्महिने ब्रेकरचा आवाज, मग चारही बाजूंना जाड भिंती, खाली राफ्ट म्हणजे तळभर काँक्रीटचा जाड थर, पाणी उपसायचे पंप. एवढं करून तिथं राहतं कोण, तर मोटारी. नियमानं जितकी पार्किंगची जागा द्यावीच लागते त्यात आर्किटेक्टचं काही चालत नाही. पण नियमापेक्षा जास्त देऊन जाहिरातीत मिरवायचं की नाही, यावर तो बिल्डरशी भांडू शकतो. बहुतेक वेळा हरतो, ते सोडा.

एक-दोन मजली घरांची गोष्ट वेगळी, आणि तिथं मला खरंच वाईट वाटतं. कोकणात घराच्या मागच्या डोंगरावर जांभ्याची खाण असते. चिरा भाजावा लागत नाही, नुसता कापायचा. उघड्यावर तो आणखी घट्ट होतो. त्याच्या भिंतीच वजन पेलतात, म्हणजे तळमजला-पहिला मजला असेल तर आरसीसीचा सांगाडा उभारायची गरजच नाही. भूकंपासाठी जोत्याच्या, लिंटेलच्या आणि छताच्या पातळीवर काँक्रीटचे पट्टे फिरवले की बरंचसं काम भागतं. तरीही आज रत्नागिरी-सिंधुदुर्गात बंगला निघतो तो कॉलम-बीमचा, आणि चिरा फक्त मधली पोकळी भरायला. म्हणजे दोन घरांचा खर्च करून एक घर. (जांभा अगदी निर्दोष आहे असं नाही, उघड्या टाकलेल्या खाणींचे खड्डे कोकणात जागोजाग दिसतात.)

लॉरी बेकर यांनी हे फार आधी ओळखलं होतं. १९४५ मध्ये भारतात आलेला हा इंग्रज आर्किटेक्ट पुढं केरळचाच होऊन गेला. त्याआधी एकदा मुंबईत जहाजाची वाट बघताना त्यांची गांधीजींशी गाठ पडली होती आणि घर पाच मैलांच्या परिसरात मिळेल तेवढ्याच सामानातून बांधावं हा विचार त्यांनी तिथून उचलला, असं ते सांगत. त्यांच्या दोन युक्त्या आजही जशाच्या तशा वापरता येतात. पहिली, विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावायच्या. भिंतीत मधे पोकळी राहते, विटा साधारण पाव हिश्श्यानं कमी लागतात आणि ती कोंडलेली हवा उष्णताही अडवते. दुसरी युक्ती स्लॅबची. स्लॅब वाकतो तेव्हा वरचा थर दाबला जातो, खालचा ताणला जातो. काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही. खालचा ताण सळ्याच घेतात. म्हणजे खालच्या निम्म्या भागातलं बरंचसं काँक्रीट नुसतं सळ्यांना चिकटून बसलेलं असतं. बेकर तिथं जुनी मंगलोरी कौलं ठेवत. काँक्रीट वाचतं, वजन घटतं, आणि खालून छताला कौलांची नक्षी दिसते ती वेगळीच.

सावली मोजायची कशी

आता राहायला गेल्यानंतरच्या खर्चाकडं येऊ. तिथं एसीनं सगळं गणित फिरवलं आहे. मघाशी धरलेले १५० युनिट एसी नसलेल्या घराचे होते. दीड टनी एसी तासाला एक-सव्वा युनिट खातो. दोन खोल्यांत रात्रभर चालला की उन्हाळ्यात बिल कुठं जातं ते वेगळं सांगायला नको. एसीची गरज मात्र यंत्र विकत घेण्याच्या कितीतरी आधी, खिडकी कुठं काढली तिथं ठरून गेलेली असते.

मे महिन्याच्या तेरा-चौदा तारखेला पुण्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास गच्चीवर उभे राहा. सावली पायाखाली गडप झालेली दिसेल. यालाच शून्य सावलीचा दिवस म्हणतात. सूर्य बरोबर डोक्यावर. मुंबईत तो एक-दोन दिवसांनी येतो, नागपूरला मेच्या शेवटच्या आठवड्यात, आणि जुलै-ऑगस्टमध्ये सूर्य परतताना पुन्हा एकदा. सगळा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळं हे राज्यभर घडतं. त्या दुपारी दक्षिणेच्या भिंतीवर ऊन जवळजवळ नसतंच, सगळं गच्चीवर. म्हणून 'दक्षिणेची खिडकी गरम' ही समजूत निदान उन्हाळ्यापुरती चुकीची आहे.

दक्षिणेच्या खिडकीवर दोन फुटी छज्जा काढला असं समजा. मार्चच्या विषुवदिनी पुण्यात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साडेएकाहत्तर अंश वर असतो. तेव्हा त्या छज्ज्याची सावली सहा फुटांपर्यंत खाली येते, म्हणजे पूर्ण खिडकी सावलीत. २२ डिसेंबरला सूर्य अठ्ठेचाळीस अंशांवर उतरतो, सावली सव्वादोन फुटांवर थांबते आणि खालच्या सुमारे अर्ध्या खिडकीतून कोवळं ऊन घरात येतं, नेमकं थंडीत. दोन फूट काँक्रीट, वीज शून्य, आणि ऋतू ओळखून काम करणारं यंत्र तयार.

तोच छज्जा पश्चिमेला लावा. मेच्या मध्यावर संध्याकाळी पाचला सूर्य सत्तावीस अंशांवर असतो. दोन फुटी छज्ज्याची सावली पडते जेमतेम एक फूट. बाकीच्या खिडकीतून ऊन सरळ पलंगावर. म्हणजे पश्चिमेला छज्जा जवळपास निकामी; तिथं उभी पट्टी हवी, जाळी हवी, बाहेरून बंद होणारी झडप हवी, झाड हवं किंवा खोल बाल्कनी हवी. तरीही शेकडो इमारतींत चारही दिशांना एकच खिडकी आणि एकच छज्जा असतो, कारण संगणकावर तोच तुकडा फिरवून चार वेळा चिकटवलेला असतो. पडदे आतून लावून उपयोग कमी. ऊन काचेतून आत शिरलं की ते आत शिरलं. पडदा तापतो आणि खोलीला तापवतो.

चार्ल्स कोरिया यांच्यासमोर हीच अडचण मुंबईत कंबाला हिलवर आली. १९८३ मध्ये पूर्ण झालेली कांचनजंगा ही २८ मजली इमारत. वारा आणि समुद्र पश्चिमेला. पण पश्चिमेलाच तिरपं ऊन आणि मुसळधार पाऊसही. त्यांनी जुन्या बंगल्यांचा व्हरांडा उचलून आकाशात नेला. कोपऱ्यांना दोन मजली उंचीच्या खोल बागा दिल्या, खोल्या मागं घेतल्या. ऊन-पाऊस व्हरांड्यात अडतो, वारा आरपार जातो. आपल्या ओसरी-पडवीचं तेच काम होतं. कांचनजंगा श्रीमंतांची आणि भरपूर काँक्रीटची इमारत आहे, आदर्श घर म्हणून मी ती पुढं करत नाही. पण दिशा ओळखून कोपरा रिकामा सोडायचा, ही अक्कल वन बीएचकेलाही परवडते. आपल्याकडं मात्र बाल्कनी मिळाली की पहिल्या दिवाळीआधी तिला स्लायडिंग खिडकी लागते आणि ती खोलीत ओढली जाते.

भिंतीचं बोलायचं तर सध्या ॲल्युमिनियमच्या साच्यांची चलती आहे. भिंत, स्लॅब सगळं एकदम काँक्रीटचं. काम झपाट्यानं होतं, गिलावा जवळपास लागत नाही. पण सहा इंची काँक्रीटच्या भिंतीतून नऊ इंची विटेच्या भिंतीच्या जवळजवळ दुप्पट उष्णता आत येते, आणि आठ इंची हलक्या एएसी ब्लॉकच्या चार-पाच पट. अशा घरात खिळा ठोकायला ड्रिल लागतो आणि मे महिन्यात रात्री अकराला भिंतीला हात लावला तर ती कोमट लागते. दिवसाचं ऊन ती रात्री परत करत असते. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या २०१८ च्या इको-निवास संहितेनं, म्हणजे घरांसाठीच्या ऊर्जा-नियमावलीनं, नेमकी यावरच मर्यादा घातली: भिंती-खिडक्यांतून आत येणारी सरासरी उष्णता चौरस मीटरला १५ वॅटच्या आत ठेवा. हा हिशेब कुठलाही आर्किटेक्ट एका दुपारी करू शकतो. फ्लॅट बघायला गेलात की तो आकडा मागून बघा, चेहरे बघण्यासारखे होतात.

अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठानं भारतभरच्या कचेऱ्यांत मोजमापं करून एक उपयोगी गोष्ट दाखवली आहे. बाहेरचं सरासरी तापमान ३० अंशांच्या आसपास असेल तर हवेशीर, खिडक्या उघडणाऱ्या इमारतीतल्या माणसांना आत २९ अंशही सुखाचे वाटतात. तिकडं काचेच्या बंद इमारतींमध्ये २२ अंश करून ठेवायचे आणि मुलींनी खुर्चीवर कायमची शाल टाकून ठेवायची, हे हिंजवडीत रोज चालतं. पण खिडकी उघडण्यात अर्थ असायला समोरून वारा बाहेर जायला वाट पाहिजे. मधे कॉरिडॉर आणि दोन्हीकडं एकाच बाजूनं उघडे फ्लॅट, अशा मांडणीत वारा आत येऊन गोंधळतो. जुन्या चाळींत दारावर एक झरोका असायचा. दार लावलं तरी हवा खेळायची. तो झरोका आपण नकाशातून कधी पुसला, कुणालाच आठवत नाही.

गच्ची

वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. विटांच्या तुकड्यांच्या ब्रिकबॅट कोब्यावर पांढऱ्या फुटक्या टाइल्सचा चायना मोझॅक करायची आपली जुनी पद्धत चांगली होती. पांढरा रंग ऊन परतवतो. आता वॉटरप्रूफिंगच्या नावाखाली त्यावर काळा डांबरी थर येतो. त्याच्यावर निदान पांढरा परावर्तक रंग तरी द्या. मुंबईच्या सोसायट्यांनी गळतीला कंटाळून गच्चीवर टाकलेले पत्रे दिसायला ओंगळ, पण स्लॅबला दिवसभर सावली देतात आणि मधून वारा जातो. सोलर पॅनेल उंच चौकटीवर लावली तर तीही हेच करतात.

सोलरबद्दल एक गैरसमज मात्र दूर करायला हवा. तीन मजली बंगल्याला ते पुरतं. २२ मजली, ८८ फ्लॅटच्या इमारतीत गच्ची समजा पाच हजार फूट. टाक्या, लिफ्टची खोली वगळून निम्मी उरली तर २५ किलोवॉट बसतील, दिवसाला सुमारे शंभर युनिट. फ्लॅटमागे एक युनिट आणि वर चिल्लर. लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे भागतील. लावावंच, पण 'नेट झिरो', म्हणजे वापरते तेवढी वीज स्वतःच बनवणारी इमारत, असं जाहिरातीत छापण्याआधी हा भागाकार करावा.

पाडायचं की ठेवायचं

एका सोसायटीच्या बैठकीत एक काका म्हणाले, "अहो आर्किटेक्ट, जुनी इमारत म्हणजे वीज खाणार. नवी ग्रीन बांधली की पर्यावरणाचंही भलंच ना?"

फळ्यावर हिशेब मांडला. नव्या हजार फुटांचे एकवीस टन. नवं घर जुन्यापेक्षा विजेत तीस टक्के बचत करेल असं उदार मनानं धरू: वर्षाला पावणेचारशे-चारशे किलो. एकवीस टन फिटायला पंचावन्नच्या आसपास वर्षं. आणि जी इमारत पाडायची म्हणत होते तिचं वय होतं छत्तीस. काका थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "पण लिफ्ट नाहीये हो." हेही खरंच. सत्तरीतल्या माणसाला चौथ्या मजल्यावर चढायला लावून हवामानाच्या गोष्टी सांगणं शोभत नाही. जागा वाढते, गावात जास्त लोक राहू शकतात, रोजचा प्रवास वाचतो, हेही पुनर्विकासाच्या बाजूनं धरलं पाहिजे. आणि काही इमारती पाडाव्याच लागतात. मुंबईत महापालिका ज्यांना अतिधोकादायक म्हणून सी-वन वर्गात टाकते त्या रिकाम्या करण्याला पर्याय नसतो.

पण पाडायचं ठरवण्याआधी दुसरा नकाशा कुणी काढतच नाही. जिन्याच्या बाजूला बाहेरून पोलादी लिफ्ट, कॉलमांना भोवतीनं नव्या काँक्रीटचं जॅकेट, नवे पाइप बाहेरून, पश्चिमेला जाळीच्या बाल्कन्या. फ्रान्समध्ये लाकातों आणि वासाल या आर्किटेक्ट जोडीनं बोर्दोत ५३० फ्लॅटच्या जुन्या इमारती न पाडता त्यांना बाहेरून खोल बाल्कन्या जोडल्या. काम चालू असताना लोक घरातच राहिले. २०२१ चं प्रिट्झकर, म्हणजे वास्तुकलेतलं सर्वांत मोठं पारितोषिक, त्यांना मिळालं. आपल्याकडं या पर्यायाला जादा एफएसआय, म्हणजे जास्तीच्या बांधकामाचा हक्क, मिळत नाही, त्यामुळं त्याचा वालीही कुणी नाही. आर्किटेक्टची फीसुद्धा नव्या बांधकामावर ठरते, हे प्रामाणिकपणे सांगितलेलं बरं.

इमारती पस्तिसाव्या वर्षी म्हाताऱ्या का होतात? काँक्रीट संपतं म्हणून नव्हे. पाणी आत शिरतं, सळई गंजते, गंजलेलं लोखंड फुगून मूळ जागेच्या कितीतरी पट जागा मागतं आणि काँक्रीटचा पापुद्रा उडवून देतं. सळीवरचं काँक्रीटचं आवरण पुरेसं ठेवलं, बाथरूमचे पाइप भिंतीत न गाडता उघडता येतील अशा शाफ्टमध्ये घेतले, गच्चीला नीट उतार दिला, तर तीच इमारत सत्तर वर्षं टिकते. दर वर्षाच्या वाट्याला येणारा कार्बन आपोआप निम्मा.

छज्ज्याच्या खालच्या कडेला, बाहेरून दीड-दोन इंच आत, एक बोटाएवढी खाच असते. पावसाचं पाणी छज्ज्यावरून ओघळून खालच्या बाजूनं भिंतीकडं सरकू लागतं. खाच आली की ते तिथं अडतं आणि थेंब होऊन खाली पडतं. खर्च काहीच नाही, शटरिंगमध्ये एक पट्टी ठोकायची. माझ्या सुरुवातीच्या एका कामात मी ती नकाशात दाखवली होती, साइटवर जाऊन बघितली नव्हती. सात पावसाळ्यांनी मालकाचा फोन आला. छज्ज्यांच्या खाली तपकिरी ओघळ, तीन ठिकाणी सळ्या उघड्या, एका खिडकीवरून गिलाव्याचा परातीएवढा तुकडा खाली आला होता. सुदैवानं खाली कुणी नव्हतं. सगळे छज्जे फोडून नव्यानं करावे लागले. तेव्हापासून साइटवर शटरिंग उघडलं की मी आधी छज्ज्याखाली हात घालून बोट फिरवतो. खाच लागली तर पुढं बोलतो. नाही लागली तर मुकादमाला हाक मारतो.